'मध्यम' म्हणजे नक्की किती?

महिन्याभरात तिघांनी इनबॉक्समध्ये विचारलं, "चालायच्या सहलीला जायचंय, कुठली कंपनी चांगली?" नाव सांगत नाही. माझ्या गुडघ्यांना मानवलेली कंपनी तुमच्या गुडघ्यांना मानवेलच याची खात्री कोण देणार? शिवाय कंपनीचा प्रश्न खरं तर बराच नंतरचा आहे. आधी आपला एक दिवस कसा जाणार आहे ते कळायला हवं, आणि नेमकं तेच माहितीपत्रकात नसतं.

आमची पहिली सहल आठवते. ताई आणि मी, सात दिवस, रोज साधारण १४ किमी, अवघडपणाची श्रेणी 'मध्यम'. फोटोत कुरणं, दगडी पूल आणि घाम न आलेली माणसं. घरी आम्ही रोज सकाळी सहा किमी चालायचो, म्हणजे १४ किमी म्हणजे तशा दोन फेऱ्या आणि वर थोडंसं, असा आमचा सोपा हिशेब. तिसऱ्या दिवशी दुपारी चार वाजता मुक्कामाचं गाव खाली काडेपेटीएवढं दिसत होतं आणि ताई पाठमोरी उतरत होती. सरळ उतरलं की गुडघ्यातून कळ यायची, उलटं उतरलं की जरा कमी. एक हात माझ्या खांद्यावर, नजर मागे, आणि दर दहा पावलांनी "अजून किती?" त्या दिवसाचं अंतर बरोबर १४ किमीच होतं हो, कंपनी खोटं बोलली नव्हती. फक्त त्या १४ किमीत ९०० मीटर चढ आणि जवळजवळ तेवढाच उतार आहे, हे कुठे लिहिलेलं नव्हतं.

तेव्हापासून मी किलोमीटर नंतर बघते, आधी चढाचे मीटर. विल्यम नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये एक ठोकताळा दिला होता, तो आजही वापरतात: दर पाच किमीला एक तास, आणि दर ६०० मीटर चढाला वर आणखी एक तास. आमच्या त्या दिवसाला लावून बघा. चालण्याचे पावणेतीन तास, चढाचा दीड, म्हणजे सव्वाचार. हा झाला तंदुरुस्त माणसाचा, कुठेही न थांबता चालण्याचा वेळ. फोटो, पाणी, मोज्यातला खडा काढणं, वाट चुकून परत येणं यातलं काही त्यात धरलेलं नाही. आम्हाला आठ तास लागले. हा हिशेब बुकिंगच्या आधी केला असता तर ताईने मला पुढचे सहा महिने ऐकवलं नसतं.

'मध्यम' हा शब्द प्रत्येक कंपनीचा आपापला असतो, सगळ्यांना सारखं लागू होणारं मोजमाप नाही. तूर द्यू माँ ब्लाँ ही फ्रान्स, इटली आणि स्वित्झर्लंडमधून फिरणारी वाट घ्या. साधारण १७० किमी आणि एकूण चढ १०,००० मीटरच्या आसपास. दहा दिवसांत करायची तर रोज हजार मीटर चढायचं आणि तेवढंच उतरायचं. स्कॉटलंडमधल्या वेस्ट हायलँड वेची लांबीही फार कमी नाही, १५४ किमी, पण चढ त्या मानाने बराच थोडा. म्हणून ती सोपी समजायची का? लॉख लोमंड तलावाच्या काठाने जाणारा तिचा एक टप्पा दगड आणि मुळांनी इतका भरलेला आहे की सपाट असूनही वेग निम्म्यावर येतो. नेस्मिथचा हिशेब तिथे चालत नाही. म्हणून कंपनीला विचारायचं ते असं: रोजचा चढ किती, उतार किती, पायाखाली काय आहे, आणि मागच्या वर्षी तुमच्या लोकांना खरोखर किती तास लागले? चौथ्या प्रश्नाला आकडा आला, तर पलीकडचा माणूस ती वाट चाललेला तरी आहे किंवा चाललेल्यांशी बोलतो तरी.

गाईडसोबत जावं की आपलं आपण? माझा कल दुसऱ्याकडे आहे. गटात मी कायम शेवटची असते. मी पोचते तेव्हा पुढच्यांची विश्रांती संपलेली असते आणि ते "चला!" म्हणून उठतात, म्हणजे ज्याला विश्रांतीची सर्वांत जास्त गरज त्यालाच ती मिळत नाही. पण बर्फ, उंची किंवा धुकं असलेल्या वाटेवर मी गाईडशिवाय जाणार नाही. तिथे गटात किती माणसं, गाईड किती, आणि कुणी मागे राहिलं तर त्याच्याबरोबर कोण थांबतं, हे लेखी मागते.

आपलं आपण जायचं तर कंपनी तीन गोष्टी विकते: रात्रीची खोली, सामान पुढच्या मुक्कामी पोचवणं आणि एक फोन नंबर. पहिल्या दोन गोष्टी बहुतेक जण नीट करतात. फोन नंबरचं काय ते अडचण आल्यावर कळतं. चौथ्या दिवशी सकाळी ताईला पाऊल टेकवेना, म्हणून मी तो 'मदत क्रमांक' लावला. रेकॉर्ड केलेला आवाज म्हणाला, कार्यालय सोमवारी नऊला उघडेल. शनिवार होता. सामानाच्या गाडीत माणसं बसवायची परवानगी नाही असं चालकाने सांगितलं, त्यामुळे आमच्या बॅगा ऐटीत गाडीतून गेल्या आणि आम्ही दोघी रस्त्याकडेच्या बाकावर. शेवटी मुक्कामाच्या मालकीणबाईंनी टॅक्सी बोलावून दिली. त्यांचा या कंपनीशी करार फक्त खोलीपुरता होता!

बरं, ज्या कंपनीकडून आपण सहल घेतो तीच ती चालवते असंही नाही. बरेचदा ती स्थानिक कंपनीचीच सहल स्वतःच्या नावाने विकत असते. दोन-तीन कंपन्यांचे दिवसवार कार्यक्रम शेजारी ठेवून वाचा, कधी कधी मुक्काम तेच, वाक्यंही तीच सापडतात. त्यात गैर काही नाही, मात्र अडचणीत फोन कुणाला करायचा ते आधी माहीत हवं.

उंचीवरच्या सहलीत तर कार्यक्रमावरूनच कंपनीची पारख होते. विरळ हवेची शरीराला सवय व्हावी म्हणून ३००० मीटरच्या वर गेल्यावर झोपायच्या जागेची उंची एका रात्रीत ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक जास्तीची रात्र त्याच उंचीवर काढावी, असं डॉक्टर सांगतात. एव्हरेस्ट बेस कॅम्पच्या वाटेवर नामचे बाजार हे गाव ३४४० मीटरवर आहे. तिथे दोन रात्री न ठेवता पुढे पळवणारा 'आठ दिवसांत बेस कॅम्प' छाप कार्यक्रम दिसला की मी ते पान बंद करते. इन्शुरन्सचंही तसंच. किती उंचीपर्यंत लागू आहे आणि हेलिकॉप्टरने उतरवण्याचा खर्च त्यात येतो का, हे बारीक अक्षरात असतं. चष्मा लावून वाचा.

पैशांबद्दल फार लांबण लावत नाही. कंपनीच बुडाली तर भरलेले पैसे कोण परत देणार, एवढं विचारा. युरोपीय संघात २०१८ पासून लागू झालेल्या नियमांनुसार पॅकेज विकणाऱ्याला अशी हमी ठेवावीच लागते. बाकी ठिकाणी आपलं आपण तपासायचं.

आणि काही वाटांना कंपनी लागतच नाही, हे कुठली कंपनी सांगेल? स्पेनमधली कामिनो, म्हणजे सांतियागो शहराकडे जाणारी यात्रेकरूंची पायवाट घ्या. पिवळे बाण, जागोजागी यात्रेकरूंसाठी मुक्काम. सांतियागोला पोचल्याचं प्रमाणपत्र पायी किमान १०० किमी केल्यावर मिळतं, म्हणून शंभरहून थोडं जास्त अंतरावरच्या सारिया गावापासूनच्या शेवटच्या टप्प्यात गर्दी उसळते. तेवढा टप्पा ऐन हंगामात करायचा तर खोल्या आधी धरून ठेवणारं कुणी असलेलं बरं. बाकी पैसे वाचवा आणि चांगले बूट घ्या. तेही निघायच्या आदल्या आठवड्यात घेऊ नका, निदान दोन महिने आधी. उतारावर अंगठा पुढे आदळतो. माझ्या दोन्ही अंगठ्यांची नखं काळी पडून गळली, नवीन यायला वर्ष गेलं.

यंदा पुन्हा जायचं ठरतंय. मी चार कंपन्यांना एकच मेल पाठवला: चढ-उताराचे आकडे, शनिवारी फोन कोण उचलतं, आणि बहिणीचा गुडघा. दोघींनी तेच माहितीपत्रक परत पाठवलं. एकीने लिहिलं, काळजी करू नका, आमचे पाहुणे नेहमी खूश असतात. चौथीचं उत्तर तीन दिवस उशिरा आलं. दिवसवार तक्ता होता, त्यात पाचव्या दिवसापुढे 'हा उतार बहिणीसाठी बरा नाही, खालून बस आहे, वेळापत्रक सोबत जोडलंय' असं, आणि शेवटी एक प्रश्न: गुडघा चढताना दुखतो की उतरताना?

ताईला वाचून दाखवलं.

"यांना माझा गुडघा कसा माहीत?"

"मीच लिहिलं होतं."

"म्हणजे जगजाहीर केलंस," म्हणाली, आणि माळ्यावरच्या काठ्या काढायला स्टूल शोधायला लागली.