साडेआठचं आमंत्रण, पावणेदहाचा रिसोटो

रिसोटो ज्यांनी पहिल्यांदा केला, त्यांच्याकडे पाहुणे वेळेवर येत असणार. ओघळता, मऊ, पण दाताखाली किंचित कणी लागणारा हा इटालियन भात आचेवरून उतरल्यावर जेमतेम पाच मिनिटं शहाण्यासारखा वागतो. दहाव्या मिनिटाला गिचका, पंधराव्याला त्यात डाव उभा राहतो. आणि आपल्याकडे "साडेआठपर्यंत या" म्हटलं की साडेआठला माणसं आंघोळीला जातात.

आधी तांदूळ. चौघांना 320 ग्रॅम पुरतो. दुकानात आर्बोरिओ सहज दिसतो, पण कार्नारोली मिळत असेल तर माझं मत त्यालाच. त्यात अमायलोज नावाचा स्टार्च जास्त असल्याने दाणा लवकर ढेपाळत नाही, उशिराच्या पाहुण्यांसाठी दोन-तीन मिनिटांची सवलत मिळते. बासमती नको, तो मुळात मोकळा राहण्यासाठीच जन्माला आलेला आहे. इंद्रायणीचा वास सुरेख, पण त्याची शितं आतपर्यंत मऊ होतात आणि मग समोर येतो तो गुरगुट्या भात. तो मला प्रिय आहे, मात्र त्याला मेतकूट-तूप लागतं, वाइन नव्हे.

हा तांदूळ धुवायचा नाही. मराठी घरात हे वाक्य मोठ्याने म्हणायची सोय नाही. हात आपोआप नळाकडे जातो आणि पाहणाऱ्या काकू "निवडलाय तरी का गं?" विचारतातच. पण रिसोटोचा सगळा सायीसारखा ओलावा दाण्यावरच्या स्टार्चमधून येतो. तीन पाण्यांनी धुतलात तर तो मोरीत गेला. मग त्याची भरपाई म्हणून लोक क्रीम ओततात, आणि तसला रिसोटो खाऊन मिलानचा माणूस काय म्हणेल ते इथे छापता येणार नाही.

वाइन आणायची म्हणजे वाइन शॉपमध्ये जायचं. तिथे वाइन मागणारा माणूस जरा विचित्रच समजला जातो. बाकीचे क्वार्टर मागत असतात आणि आपण "व्हाइट आहे का, ड्राय?" म्हणजे गोड नसलेली, असं विचारतो. कायद्याप्रमाणे महाराष्ट्रात दारू विकत घ्यायला आणि जवळ बाळगायला परवाना लागतो, हे 1949 च्या दारूबंदी कायद्यातलं. भातात घालण्यासाठी वेगळा परवाना अजून निघालेला नाही. नाशिककडची सॉव्हिन्यों ब्लाँ या कामाला चांगली. शेनँ ब्लाँ घेताना लेबल नीट वाचा, कारण तिच्यात गोडसर बाटल्याही निघतात आणि आटल्यावर तो गोडवा दुप्पट जाणवतो. 'कुकिंग वाइन' नावाच्या बाटलीत मीठ घातलेलं असतं, तिच्या वाटेला जाऊ नका. जी पिववत नाही ती शिजवूही नये.

कढई अ‍ॅल्युमिनियमची किंवा लोखंडाची नको. वाइनचं आम्ल धातूला लागतं, चव कळकट होते आणि पांढरा रिसोटो राखाडी होतो. जाड बुडाचं, पसरट स्टीलचं पातेलं घ्या. शेजारच्या शेगडीवर सव्वा लिटर भाज्यांचा स्टॉक मंद उकळत ठेवा: कांदा, गाजर, सेलरी, चार मिरे, पाऊण तास. त्यात मीठ निम्मंच. स्टॉक आटत जाणार, वर चीज खारट, म्हणजे सुरुवातीला बरोबर वाटलेलं मीठ शेवटी घशाला कोरड पाडतं. बाजारातल्या तयार वड्या घातल्या असतील तर मग मिठाला हातच लावू नका. स्टॉक गरमच हवा. गार स्टॉकने दर डावागणिक पातेलं थंडावतं, शिजणं लांबतं, बाहेरून पीठ आणि आतून कच्चा असा दाणा मिळतो.

आता खरं काम. एक लहान कांदा अगदी बारीक चिरून 20 ग्रॅम लोणी आणि चमचाभर तेलात मंद आचेवर आठ मिनिटं. तो गुलाबी करायचा नाही, नुसता काचेसारखा व्हायला हवा. आपल्या हाताला कांदा परतायचा म्हणजे लाल करायचा अशी सवय असते, तिला इथे आवर घाला. मग तांदूळ घालून दोन-तीन मिनिटं परता. दाणा हाताला कढत लागला आणि त्याच्या कडा पारदर्शक दिसल्या की वाइन, 100 मिलिलिटर, एकदम. ती फ्रीजमधून काढलेली नको, घरातल्या तापमानाची असू द्या. फस्सदिशी वाफ उठते आणि नाकाला झोंबते. हे झोंबणं थांबेपर्यंत स्टॉकचा थेंबही घालायचा नाही. घाई केलीत तर कच्च्या वाइनचा आंबट, तुरट वास शेवटपर्यंत भाताचा पिच्छा सोडत नाही. चमचा तळावरून ओढला की मागे कोरडी वाट दिसायला हवी.

याच क्षणी बैठकीच्या खोलीतून प्रश्न येतो, "दारू घातली का?" उत्तर प्रामाणिक द्या. उकळल्यावर अल्कोहोल सगळं उडून जातं ही थाप आहे. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या तक्त्याप्रमाणे पदार्थात मिसळून 15 मिनिटं शिजवलं तरी त्यातलं साधारण 40 टक्के उरतं. पसरट, उघड्या पातेल्यात आधीच आटवल्यावर याहून कमी राहत असेल, पण शून्य नाही. ज्यांना चालत नाही त्यांच्यासाठी वाइन वगळून शेवटी दोन चमचे लिंबाचा रस घाला. वाइनचं मुख्य काम आंबटपणाचंच असतं, लोण्या-चीजचा जडपणा तो कापतो.

गंमत म्हणजे वाइनची चौकशी करणारे शाकाहारी पाहुणे चीजबद्दल एक अक्षर विचारत नाहीत. अस्सल पार्मिजानो रेज्जानो वासराच्या पोटातल्या रेनेटने, म्हणजे दूध घट्ट करणाऱ्या द्रव्याने, विरजतात. शाकाहाऱ्यांना घालायचं तर पाकिटावरचा हिरवा ठिपका बघून भारतीय बनावटीचं घ्या. आधीच किसलेलं, डब्यातलं नको. ते गुठळ्या न होण्यासाठी केलेलं असतं, त्यामुळे नीट वितळतही नाही.

स्टॉक डावाडावाने घाला, तांदूळ जेमतेम बुडेल इतका. अखंड ढवळत बसायचं कारण नाही. अर्ध्या मिनिटाने एकदा तळापासून फिरवलं की दाणे एकमेकांवर घासून स्टार्च सुटतो. पहिल्या डावापासून 16 ते 18 मिनिटं लागतात. पण तुमचे पाहुणे अजून "निघालोच" म्हणतायत ना? मग अकराव्या मिनिटाला आच बंद. उपाहारगृहांत हेच करतात. भात मोठ्या परातीत बोटभर जाडीने पसरून पंख्याखाली लगेच गार करा आणि फ्रीजमध्ये ठेवा. ढीग तसाच ठेवलात तर आतल्या उष्णतेने तो शिजतच राहतो. शेवटचा पाहुणा चप्पल काढून सोफ्यावर टेकला, पाणी प्यायला आणि पार्किंगची तक्रार संपली, की दोन-तीन डाव उकळत्या स्टॉकमध्ये हा भात सोडा. पाच-सहा मिनिटांत तयार.

एक शीत नखाने तोडून बघा, मध्ये टाचणीच्या टोकाएवढा पांढरा ठिपका उरला असेल तेव्हा पातेलं उतरवा. मिनिटभर थांबा. मग 40 ग्रॅम थंडगार लोण्याचे तुकडे आणि 50 ग्रॅम किसलेलं चीज, आणि जोरात घुसळणं. हे आचेवर केलंत तर लोणी फुटून तेल सुटतं, चीजचे तंतू होतात. ताटलीत वाढून खालून थाप मारली की भात पसरला पाहिजे. मूद पडली तर अर्धा डाव गरम स्टॉक घालून पुन्हा हलवा. खोलगट वाडग्यात वाढू नका, त्यात तो दाटतो.

मिलानी थाटाचा हवा असेल तर 0.15 ग्रॅम केशर कोमट स्टॉकमध्ये भिजवून दहाव्या मिनिटाला घाला. मिलानच्या कॅथेड्रलच्या काचा रंगवणाऱ्या कारागिराच्या चेल्याने 1574 मध्ये लग्नाच्या भातात केशर टाकलं, अशी तिकडची दंतकथा आहे. आपल्या मंडळींना मात्र आधीच बजावून ठेवा, नाहीतर पिवळाधमक भात बघून केशरीभाताच्या आशेने मोठा घास घेतात आणि चेहरा पडतो.

एवढं होऊनही कोणीतरी "कुकरला लावला असता तर?" म्हणतंच. खरं सांगू, लावता येतो. इटलीतही लावतात. फक्त कुकरमध्ये भांडं ठेवून नव्हे, थेट कुकरच्या तळातच कांदा-तांदूळ परतून, वाइन आटवून, 320 ग्रॅमला पाऊण लिटर स्टॉक घालायचा. वाफ भरली की मंद आचेवर पाच मिनिटं, शिट्ट्या मोजत बसायचं नाही. मग वाफ लगेच सोडून द्या आणि पातळपणा गरम स्टॉकने जमवा. दाणा थोडा कमी-जास्त होतो, पण काकू खूश होतात.

बाटलीत अजून 650 मिलिलिटर वाइन उरलेली असते. पाहुण्यांनी सोडली, तर ती बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा. पाच-सहा खडे म्हणजे पुढच्या रिसोटोची सोय. ट्रेवर ठळक अक्षरांत नाव लिहा. मे महिन्यात ते खडे कैरीच्या पन्ह्यात पडले, तर आजोबा दुसरा ग्लास मागतील.