दिल्लीची हवा दिल्लीच्या जागेनेच ठरवली आहे

दिल्लीत राहणाऱ्या मराठी माणसाला नातेवाइकांचा एक प्रश्न ठरलेला असतो: 'तिकडे माणसं राहतात तरी कशी?' मे महिन्यात उन्हावरून, जानेवारीत थंडीवरून, नोव्हेंबरात धुरावरून. मला वाटतं, तिन्हींची सुरुवात नकाशापासून करायला हवी.

मुंबईला समुद्र सांभाळून घेतो. पाणी सावकाश तापतं, सावकाश निवतं. दिल्लीहून जवळात जवळचा समुद्र गाठायचा तरी आठशे किलोमीटरच्या वर जावं लागतं. इथली जमीन भराभर तापते आणि तितक्याच भराभर गार होते. सफदरजंगच्या वेधशाळेत २९ मे १९४४ ला ४७.२ अंश तापमान नोंदलं गेलं, आणि त्याच ठिकाणी १६ जानेवारी १९३५ ला उणे ०.६!

त्यात पश्चिमेला थरचं वाळवंट. मे-जूनमध्ये तिकडून लू, म्हणजे भाजणारा वारा येतो, कोरडा ठणठणीत. ओठ फुटतात, दोरीवरचे कपडे तासाभरात कडकडीत वाळतात. पण याच कोरडेपणामुळे कूलर चालतो. खसाच्या, म्हणजे वाळ्याच्या, ताट्यांवरून पाणी झिरपलं की ते उडून जाताना हवेतली उष्णता घेऊन जातं आणि खोली गार होते. जुलै उजाडला की तोच कूलर निकामी. हवेत आधीच ओल असते, पाणी उडणार कुठे? तापमान उतरलेलं असतं, जीव मात्र जास्त घाबरा होतो.

पाऊसही इथे दमूनभागून पोचतो, साधारण जूनच्या अखेरीस. बंगालच्या उपसागराकडून आलेले ढग हिमालयाला अडून गंगेच्या मैदानातून वर सरकतात आणि वाटेत रिकामे होत येतात. अरबी समुद्राकडचे वारे अरवलीला आडवे जात नाहीत, तिच्या कडेकडेने निघून जातात. वर्षाचा पाऊस जेमतेम पावणेआठशे मिलिमीटर.

हिवाळ्यात हिमालय मध्य आशियाचे गोठवणारे वारे अडवतो, हे त्याचे उपकारच. पण तेव्हा मैदानातला वाराही मंद असतो. रात्री जमीन गार पडते, तिच्यालगतची हवा गार आणि जड होते, वर उबदार हवेचं झाकण बसतं. डिसेंबरच्या पहाटे तंदूरच्या धुराकडे बघा. थोडा वर चढतो आणि मग आडवा पसरतो.

'भूगोलच असा, त्याला कोण काय करणार,' हे वाक्य मला सहन होत नाही. भूगोल असा आहे म्हणूनच तर इथे धुराला जास्त कडक नियम हवेत. गाड्या, कारखाने, बांधकामांची धूळ, पराली (कापणीनंतर शेतात जाळले जाणारे भाताचे खुंट) यांतलं काहीही भूगोलाने आणलेलं नाही.

समुद्र जवळ आणता येत नाही, हिमालय हलवता येत नाही. अरवली मात्र आपल्या हातात आहे. वाळवंटाची धूळ अडवणारी ती इथली शेवटची भिंत, दिल्लीतला रिज नावाचा टेकड्यांचा पट्टा म्हणजे तिचंच टोक. आणि तिचं आपण काय केलं? राजस्थानात तपासलेल्या १२८ टेकड्यांपैकी ३१ नाहीशा झाल्याचं २०१८ साली सर्वोच्च न्यायालयासमोर आलं. अख्ख्या टेकड्या!

म्हणून रिजवर किंवा फरिदाबाद-गुरुग्रामच्या टेकड्यांवर खोदकामाची, बांधकामाची एकही नवी परवानगी मला मान्य नाही. आणि एक्यूआय, म्हणजे हवेच्या प्रदूषणाचा निर्देशांक, चारशेवर गेल्यावर बांधकामं थांबवण्याला मी उपाय म्हणणार नाही. झाकण दरवर्षी बसतं, कधी बसतं तेही सगळ्यांना ठाऊक आहे. बंधनं ऑक्टोबर लागायच्या आत लागू झाली पाहिजेत.