टॅपेट वाजतंय तोवर बरं : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार भाऊ,

डिझेल पिकअपचे टॅपेट स्वतः सेट करण्याबद्दल (म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबून उघडणारा झुलता हात, रॉकर, यांच्यातला गॅप जुळवण्याबद्दल) मी जे लिहिलं, त्यावर तुमचे चार आक्षेप आहेत. मिस्त्री लोक रॉकरवरचा सेटिंगचा स्क्रू पूर्ण कसून पाव आटा (पाव फेरी) सोडतात, फिलर गेज, म्हणजे गॅप मोजायची पातळ पट्टी, हा पुस्तकी प्रकार आहे. सेटिंग गरम इंजिनवर करावं, कारण गाडी गरमच चालते. शिवाय नागपूरच्या मे महिन्यात 'थंड इंजिन' आणायचं कुठून? टॅपेट थोडं टाइट ठेवलं की आवाज जातो, गाडीवाला खूश. आणि पुली '360 अंश फिरवा' एवढंच लिहिल्यामुळे नवखा माणूस चुकतो. शेवटचा आक्षेप पूर्ण मान्य, दोष माझ्या लिखाणाचा आहे, दुरुस्ती खाली दिली आहे. टाइट ठेवण्याचा सल्ला मात्र कुणीही ऐकू नये असं मला मनापासून वाटतं, म्हणून सुरुवात तिथून.

रॉकर आणि व्हॉल्व्हच्या दांडीमध्ये गॅप ठेवतात तो दांडीला वाढायला जागा हवी म्हणून. 110 मिमी लांबीची पोलादी दांडी भोवतालच्या हेडपेक्षा (सिलिंडरवरच्या झाकणापेक्षा) 200 अंश जास्त तापली, तर साधारण पाव मिलिमीटर वाढते. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह (जळलेला वायू बाहेर सोडणारा) घाटात लोड ओढताना याहूनही जास्त तापतो. गॅप कमी पडला की वाढलेली दांडी रॉकरला टेकते आणि व्हॉल्व्ह सीटवर, म्हणजे हेडमधल्या त्याच्या बैठकीवर, पूर्ण बसत नाही. एक्झॉस्ट व्हॉल्व्हची बहुतेक उष्णता सीटमधूनच हेडमध्ये आणि तिथून पाण्यात जाते. सीटचा स्पर्श सुटला की तो थंड होत नाही, फटीतून जळता वायू सुसाट निघतो आणि व्हॉल्व्हच्या कडेला खाच पडते. मग कॉम्प्रेशन जातं, डिसेंबरच्या सकाळी गाडी पांढरा धूर सोडत तासभर रडते आणि शेवटी हेड उतरवावं लागतं.

यात फसवणारी गोष्ट अशी की हे सगळं शांतपणे होतं. रॉकर, त्याला खालून ढकलणारा पुशरॉड, पुशरॉड उचलणारा कॅम झिजले की गॅप वाढतो आणि टकटक ऐकू येते. पण व्हॉल्व्ह हळूहळू सीटमध्ये खोल बसत गेला तर दांडी वर सरकते, गॅप घटतो आणि इंजिन उलट गुळगुळीत वाजायला लागतं. 0.05 मिमी सैल टॅपेट फक्त आवाज करेल. तेवढंच टाइट टॅपेट व्हॉल्व्ह जाळू शकतं. म्हणून चार सिलिंडरच्या आठपैकी एक टॅपेट अचानक गप्प झालं असेल तर ते आधी तपासा. फार सैलही चालत नाही, व्हॉल्व्ह उशिरा आणि कमी उघडतो, दांडीचं टोक ठोकलं जातं. पण ती चूक निदान ऐकू येते.

आता पाव आट्याचा हिशेब. स्क्रूची आटी 1 मिमीची धरली तर पाव फेरीत तो 0.25 मिमी वर येतो. हा स्क्रू पुशरॉडच्या बाजूला असतो. रॉकरचे दोन्ही हात सारखे नसतात, व्हॉल्व्हकडचा लांब असतो, त्यामुळे तिथे गॅप दीडपटीच्या आसपास होतो, म्हणजे 0.37 च्या घरात. म्हणूनच ही पद्धत कधी कधी जुळल्यासारखी वाटते. पण आटी वेगळी असली, हात वेगळा असला, किंवा 'पूर्ण कसला' म्हणताना स्प्रिंग जरा दाबली गेली, की हिशेब बिघडला. हाताच्या अंदाजात घड्याळाच्या मिनिटकाट्याच्या पाच मिनिटांएवढा फरक सहज पडतो, आणि तेवढ्यानं व्हॉल्व्हपाशी 0.12 मिमीची चूक होते.

गेजबद्दल मात्र एक गोष्ट तुमच्या बाजूची आहे. जुन्या रॉकरच्या टोकाला व्हॉल्व्हच्या दांडीएवढा खड्डा पडलेला असतो. गेजची रुंद पट्टी खड्ड्याच्या काठांवर टेकते, तळाला पोचतच नाही. हाताला 0.40 लागतं, प्रत्यक्षात गॅप त्याहून मोठा असतो, आणि सेटिंग करूनही आवाज जात नाही. तिथे डायल गेज (काट्यानं हालचाल मोजणारं साधन) लावून रॉकरचं हलणं मोजा. ते नसेल तर दांडीपेक्षा अरुंद कापलेली पट्टी वापरा. खड्ड्याची कड नखाला स्पष्ट अडकत असेल तर रॉकर बदलणंच बरं.

पट्टी कशी लागावी, हेही लिहितो, कारण 'हलकी घासली पाहिजे' म्हटल्यानं कुणालाच काही कळत नाही. इसुझूच्या 4जेए1 इंजिनाला इनलेट (हवा आत घेणारा) आणि एक्झॉस्ट दोन्हीचा गॅप थंड इंजिनवर 0.40 मिमी आहे. तिथे 0.35 ची पट्टी मोकळी जावी, 0.40 ची तेलकट पानासारखी चिकटून सरकावी आणि 0.45 ची जाऊच नये. तिन्ही लावून बघा. लॉकनट कसताना स्क्रू पेचकसानं धरून ठेवला तरी किंचित फिरतोच, म्हणून नट कसल्यावर पुन्हा मोजायचं. पहिलं मोजमाप फक्त अंदाज असतो. आणि 4जेए1 चा आकडा दुसऱ्या गाडीला लावू नका. अनेक इंजिनांत एक्झॉस्टचा गॅप इनलेटपेक्षा जास्त असतो, आकडा त्या गाडीच्या मॅन्युअलमधलाच घ्या. हायड्रॉलिक लॅश अ‍ॅडजस्टर (तेलाच्या दाबानं गॅप आपोआप भरून काढणारा भाग) असलेल्या नव्या इंजिनांना हे कामच लागू नाही.

गरम की थंड? मॅन्युअलनं गरम इंजिनचा आकडा दिला असेल तर गरमच करा. थंडाचा आकडा गरम इंजिनवर लावणं ही चूक आहे. शिवाय कव्हर उघडल्यापासून हेड निवत जातं, त्यामुळे पहिलं आणि आठवं टॅपेट वेगवेगळ्या तापमानाला सेट होतं. नागपूरच्या उन्हाळ्याची काळजी मात्र करू नका. हेड, ब्लॉक, पुशरॉड, व्हॉल्व्ह सगळे सारख्याच 38 अंशांवर असतील तर सगळेच जवळपास सारखे वाढलेले असतात, गॅपमधला फरक गेजवर कळणारही नाही. 'थंड' म्हणजे सगळे भाग सारख्या तापमानाला. काटोलकडून संत्रा भरून मध्यरात्री नागपूरच्या कळमना बाजारात उभी राहिलेली गाडी सकाळी सहाला कामाजोगी असते. दुपारी दोनला उन्हात उभी असलेली नसते, कारण तिचं वरचं पत्र्याचं कव्हर तापलेलं आणि आतला ब्लॉक वेगळाच असतो. हात लावून बघायचं ते हेडला, कव्हरला नाही.

आता 360 अंशांची दुरुस्ती. पुलीवरची खूण पॉइंटरला जुळली म्हणजे पहिला आणि चौथा, दोन्ही पिस्टन वर आलेले असतात. कॉम्प्रेशनवर (दोन्ही व्हॉल्व्ह बंद असताना हवा दाबत वर आलेला) कोणता, हे खूण सांगत नाही, रॉकर सांगतात. खूण जुळत येताना चौथ्याचा एक्झॉस्ट रॉकर उठत असेल आणि लगेच इनलेट दबायला लागत असेल, तर पहिला कॉम्प्रेशनवर आहे आणि त्याचे दोन्ही रॉकर हातानं हलतात. ही हालचाल पहिल्यावरच दिसली, तर अजून एक पूर्ण फेरी द्या.

फायरिंग ऑर्डर (सिलिंडर पेटण्याचा क्रम) 1-3-4-2 असेल तर पहिला कॉम्प्रेशनवर असताना हे चार करा: पहिल्याचे दोन्ही, दुसऱ्याचा इनलेट, तिसऱ्याचा एक्झॉस्ट. पुली एक पूर्ण फेरी फिरवून उरलेले: चौथ्याचे दोन्ही, दुसऱ्याचा एक्झॉस्ट, तिसऱ्याचा इनलेट. सिलिंडर पंख्याच्या बाजूनं मोजायचे. इनलेट कुठला, एक्झॉस्ट कुठला, हे मॅनिफोल्डची नळी समोर कुठे लागते ते पाहून ठरवा. झालेल्या रॉकरवर मार्करनं ठिपका द्या, खडू नको, त्याची पूड तेलात जाते. पुली समोरून पाहताना घड्याळाच्या दिशेनेच फिरवा. खूण पुढे गेली तर थोडं मागे नेऊ नका, दोन फेऱ्या देऊन पुन्हा या. ग्लो प्लग काढले तर पाना जड जात नाही. स्टार्टरला झटके देऊन पिस्टन आणण्याची सवय मात्र सोडा, खूण कधीच नेमकी थांबत नाही आणि पान्यावर हात असला तर बोटं जातात. काम सुरू करण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह तार काढा, गिअर न्यूट्रल, चाकांना उटी.

एप्रिल-मेच्या झळांबरोबर धूळही उडते. कव्हर काढण्याआधी त्याच्या भोवतीची माती डिझेलच्या ब्रशनं धुऊन पुसून घ्या. उघडल्यावर हवेचा पाइप लावू नका, वाळू सरळ रॉकर शाफ्टवर बसते. पॅकिंग नवंच घाला. कव्हरचे नट मधून बाहेर, थोडे थोडे कसा. जोरात कसल्यानं पत्रा वाकतो आणि तेल एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर गळून धूर होतो.

सेटिंगनंतरही एकाच जागी टकटक राहिली तर पुशरॉड काढून काचेवर लोळवून बघा, वाकलेला लगेच उड्या मारतो. सरळ असेल तर कॅम फॉलोअर (कॅमवर टेकणारा भाग) किंवा इंजेक्टर बघावा लागेल. कॉमन रेल (सगळ्या इंजेक्टरना एकाच उच्च दाबाच्या नळीतून डिझेल देणाऱ्या) गाडीवर इंजेक्टरच्या पाइपचा नट चालू इंजिनवर सैल करून बघण्याची जुनी पद्धत तुम्ही प्रतिक्रियेत सुचवली आहे. ती कृपया कुणी वापरू नये. तिथलं प्रेशर हजार बारच्या पुढे जातं, डिझेलची धार कातडीतून आत शिरते.