खडकवासल्याकडून आपण नेमकं काय मागतोय?

जुलै लागला की आमच्या घरात आजीचा विषय निघतोच. १२ जुलै १९६१ ला ती पुण्यात नारायण पेठेत होती. सकाळी वरचं पानशेत धरण फुटलं, मग दुपारी त्याखालचं खडकवासला धरणही गेलं, लकडी पूल पाण्याखाली, आणि आजी शेजारच्यांच्या माडीवर दोन पोरांना घेऊन बसलेली. पाणी ओसरल्यावर घरात गुडघाभर गाळ होता म्हणायची. त्यानंतर तिने कधीच तळमजल्यावर घर घेऊ दिलं नाही.

हे आठवायचं कारण म्हणजे परवा एकजण मला म्हणाला, "वर चार धरणं आहेत रे, आता कसला पूर येतोय." मला खरंच भीती वाटली ऐकून. कारण खडकवासला पूर अडवायला बांधलेलंच नाहीये हो! इंग्रजांच्या काळात, १८७९ च्या सुमारास, कॅप्टन फाइफने ते बांधलं ते कालव्यांसाठी आणि पुणे-कॅम्पाच्या पाण्यासाठी. फुटल्यावर दुरुस्त केलं, वर पानशेत, वरसगाव, टेमघर झाली, पण हेतू तोच राहिला, शहराला प्यायला आणि खाली दौंड-इंदापूरच्या शेतीला पाणी. म्हणजे ज्याला पाणी साठवायचंय त्याला धरण लवकरात लवकर भरलेलं हवं आणि ज्याला पूर थांबवायचाय त्याला ते रिकामं हवं, आणि आपण दोन्ही एकाच भिंतीकडून मागतोय.

आता साधं गणित बघा. खडकवासल्याचा उपयुक्त साठा जेमतेम २ टीएमसी, म्हणजे २ अब्ज घनफूट. ३५ हजार क्युसेकने (म्हणजे सेकंदाला ३५ हजार घनफूट) पाणी येत राहिलं तर अगदी रिकामं असलेलं धरणसुद्धा १६ तासांच्या आत भरतं, आणि जुलैअखेर ते रिकामं असतं कुठे? वरच्या तिन्ही धरणांचं पाणी शेवटी इथेच येतं. २५ जुलै २०२४ ला पहाटे जवळपास एवढाच विसर्ग झाला आणि सिंहगड रोडच्या एकता नगरी, निंबजनगर, विठ्ठलवाडीत लोकांच्या घरात पाणी शिरलं, सैन्य बोलवावं लागलं. माझ्या मावसभावाची गाडी, फ्रिज, पोरीची दहावीची पुस्तकं, सगळं गेलं. धरण फुटलेलं नव्हतं, धरणाने त्याचं कामच केलं होतं, पण खाली नदीला जागाच उरलेली नाहीये, निळ्या रेषेच्या, म्हणजे नदीच्या आखलेल्या पूररेषेच्या, आत इमारती, भराव, काय काय.

भिंतीच्या मजबुतीचं बोलायचं तर टेमघरची गळती २०१६ ला सगळ्यांनी पाहिली, ते तर त्या मानाने नवीन धरण. खडकवासल्याचं वय दीडशेच्या जवळ. धरण सुरक्षा कायदा २०२१ मध्ये आलाय, आपत्कालीन कृती आराखडा बंधनकारक आहे. मग तो आराखडा सोसायटीच्या नोटीस बोर्डवर का नाही? कुठल्या विसर्गाला कुठल्या गल्लीत पाणी येणार हा नकाशा प्रत्येक वॉचमनकडे असायला हवा. आणि पावसाचा अंदाज बघून आधीच, दिवसाउजेडी, थोडं थोडं पाणी सोडायला काय हरकत आहे? चार टक्के साठा कमी झाला तर मी एक दिवसाआड पाणी घ्यायला तयार आहे, मनापासून सांगतो.

सिंहगड रोडवाल्यांनो, २०२४ ला तुम्हाला विसर्गाचा इशारा किती वाजता आणि कोणाकडून मिळाला ते कमेंटमध्ये लिहा. वेळा एकत्र करून मी अर्ज देणार आहे.