नारळाला फांद्या नसतात

आवारातला किडलेला नारळ तोडायची परवानगी मागितली होती, आज दुपारी वृक्ष खात्याचं पत्र आलं. पाच महिने, तीन अर्ज, दोन पाहण्या झाल्यावर हातात पडलेला कागद म्हणतो: "सदर वृक्ष हिरवा व सुस्थितीत दिसून येत असल्याने तोडण्यास परवानगी देता येत नाही. तथापि धोकादायक फांद्यांची छाटणी करून वृक्ष समतोल करण्यास परवानगी देण्यात येत आहे."

फांद्यांची छाटणी. नारळाच्या.

जिन्यात उभी राहून चार वेळा वाचलं. वाटलं, दुसऱ्या कुणाचं पत्र चुकून आलं असेल. पण नाव आमचं, पत्ता आमचा, आणि वृक्षाचे नाव या रकान्यात स्वच्छ अक्षरात 'नारळ'. म्हणजे ज्याने हे टाइप केलं त्याने नारळ लिहिलं आणि पुढच्याच ओळीत त्याला फांद्या फोडल्या. ज्याने सही केली त्याने ते वाचलं नाही. आंब्याला, गुलमोहराला, पिंपळाला जो मजकूर जातो तोच आमच्या माडाला चिकटवून दिला. पाच महिने मी या एका कागदाची वाट बघत होते!

अहो, नारळाला फांदी नसते. एक खोड, एक शेंडा, शेंड्यात एक कोंब. तो शेंडा छाटला की झाड मेलं. बाजूने दुसरा फुटवा येत नाही, जखम भरून येत नाही. मग ते उघडं खोड उभ्याने कुजत राहतं. छाटायचं म्हणजे वाळलेल्या झावळ्या आणि नारळ उतरवायचे, आणि ते आम्ही दर वर्षी न चुकता करतच आलोय. हे कोकणातल्या शाळकरी पोराला विचारलं तरी सांगेल. वृक्ष खात्यातल्या माणसाला माहीत नसेल तर मग कुणाला माहीत असायचं?

आणि 'हिरवा व सुस्थितीत'! या तीन शब्दांनी तर माझं डोकंच फिरलंय.

गेल्या वर्षी नव्या झावळ्या कात्रीने कापल्यासारख्या तिरक्या, त्रिकोणी कापलेल्या निघायला लागल्या. तो गेंड्या भुंगा. त्याने पोखरलेल्या जागी मागून सोंड्या नावाचा दुसरा भुंगा येतो, अंडी घालतो, आणि त्याच्या अळ्या खोडाच्या आत गाभा खात बसतात. बाहेर पत्ता लागत नाही. वरच्या झावळ्या बराच काळ हिरव्याच राहतात, आणि मग एक दिवस शेंडाच कलंडतो. आमच्या झाडाला छातीच्या उंचीवर दोन भोकं आहेत. त्यांतून तांबूस चिकट पाणी गळतं, त्याला आंबलेला वास येतो, खाली भुसा साचतो. रात्री रस्ता शांत झाला की खोडाला कान लावा. कुरकुर, कुरकुर. आत कुणीतरी सुकी पोळी चावत बसल्यासारखं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता.

पाहणीला आलेल्या साहेबांना मी तेच सांगत होते. म्हटलं, साहेब, एकदा कान लावून बघा. ते मान वर करून शेंड्याकडे बघत म्हणाले, "हिरवं आहे की ताई." भोकं दाखवली. "असतात तशी." भुसा हातात घेऊन समोर धरला. तोवर त्यांनी मोबाइलवर एक फोटो काढला होता, तोही झाडाचा कमी आणि आमच्या वॉचमनचा जास्त, आणि ते गाडीकडे निघाले होते. सगळं मिळून सहा मिनिटं. त्या सहा मिनिटांसाठी मी अर्धा दिवस रजा टाकली होती. आधीच्या पाहणीला तर ते न सांगता येऊन गेले आणि शेरा मारला, 'अर्जदार जागेवर अनुपस्थित'.

झाडाच्या वयाचा घोळ आणखी वेगळा. झाडांच्या कायद्यातल्या 2021 च्या दुरुस्तीनंतर, तोडायच्या झाडाचं जेवढं वय तेवढी नवी झाडं लावायची, आणि वय पन्नासच्या पुढे गेलं की ते हेरिटेज वृक्ष. हेतू चांगला आहे, माझी तक्रार नाही. पण वय ठरवलं कसं? टेप लावून खोडाचा घेर मोजला! वडासारखा नारळ वर्षागणिक जाड होत जात नाही. त्याचं खोड एकदा जेवढं भरलं तेवढंच राहतं, फक्त उंच जातं. आतमध्ये मोजायला वर्तुळंही नसतात. अंदाज करायचाच तर गळून पडलेल्या झावळ्यांचे वळ मोजा, वर्षाला साधारण बारा पडतात. किंवा सरळ मला विचारा. 1986 साली आम्ही इथे राहायला आलो त्याच पावसाळ्यात बाबांनी हे झाड लावलं, रोपाशेजारी उभ्या असलेल्या माझा फ्रॉकमधला फोटो आहे. फोटो अर्जाला जोडला होता. कागदावर वय आलं 55.

आणि मला कुणी झाडांचं महत्त्व शिकवायला येऊ नका. या झाडाची शहाळी बाबांना शेवटच्या आजारपणात रोज दिली आहेत. 1975 चा झाडं जतन करण्याचा कायदा हवाच, तो नसता तर या शहरात सावली उरली नसती. पण त्याच कायद्यात रोगट झाडाचा, जीवितास धोका असलेल्या झाडाचा विचार केलेला आहे. तो कोण करणार? आमच्या मागच्या गल्लीत बिल्डरच्या प्लॉटवरची सहा-सात मोठी झाडं एका शनिवार-रविवारात नाहीशी झाली. तिथे कुणी घेर मोजायला गेलं नाही. मी सरळ मार्गाने एका किडलेल्या झाडासाठी चपला झिजवतेय.

दर मे महिन्यात मात्र नोटीस बरोबर येते. आपल्या आवारातील धोकादायक वृक्षांची काळजी घ्यावी, दुर्घटना घडल्यास जबाबदारी आपली राहील. म्हणजे तोडायचं की नाही ते तुम्ही ठरवणार, आणि कुणाच्या डोक्यात पडलं तर गुन्हेगार आम्ही. 2017 साली चेंबूरमध्ये नारळाचंच झाड कोसळून रस्त्याने चाललेल्या बाईंचा जीव गेला, तो व्हिडिओ सगळ्यांनी बघितला. त्या झाडाबद्दल आधी तक्रार झाली होती, अशाही बातम्या होत्या. एवढं होऊनसुद्धा अजून वर बघून 'हिरवं आहे' म्हणायचं?

सोसायटीचं तर बोलायलाच नको. नारळ उतरवले की पिशव्या घेऊन चौदाच्या चौदा घरं खाली हजर. अर्जावर सह्या मागितल्या तेव्हा पाच आल्या. तिसऱ्या मजल्यावरचे काका म्हणाले, नारळ तोडणं म्हणजे पोटचा मुलगा मारणं, मी सही करणार नाही. काका, तुमची खिडकी पलीकडच्या बाजूला आहे. झाड आमच्या खिडकीवर कललंय. आणि त्याच काकांनी दोन दिवसांनी हळूच एका माणसाचा नंबर दिला, खोडाला भोक पाडून औषध ओततो म्हणे, महिन्याभरात झाड आपोआप मरतं. मला एवढा संताप आला की मी दारातूनच त्यांना परत पाठवलं. मारून उभं ठेवायचं आणि कुणावर पडतंय ते बघत बसायचं?

यातली खरी भीतीची गोष्ट कुणी ऐकूनच घेत नाही. नारळ बुंध्यातून कापून आडवा पाडायला आमच्याकडे जागा नाही. एकीकडे इमारत, दुसरीकडे विजेच्या तारा. तो वरूनच उतरवायला लागतो. माणूस चढणार, आधी झावळ्या, मग दोरी बांधून खोडाचे हातहातभर तुकडे. ओलं खोड, प्रत्येक तुकडा चांगलाच जड. मागच्या महिन्यात आमचे नेहमीचे नारळ उतरवणारे दादा आले, तीस वर्षं हेच काम करतात. त्यांनी कोयत्याच्या मुठीने खोडावर ठोकलं, खाली, मग थोडं वर. बद्द आवाज आला. त्यांनी कोयता पिशवीत टाकला आणि म्हणाले, "ताई, आता मी यावर चढणार नाही. जानेवारीत बोलावलं असतं तर उतरवलं असतं."

जानेवारीतच तर पहिला अर्ज केला होता! तेव्हा परवानगी मिळाली असती तर एका दिवसाचं काम होतं. आता क्रेन लागणार, आणि क्रेन आमच्या फाटकातून आत येत नाही. कंपाउंडची भिंत पाडावी लागेल, आणि त्यालाही परवानगी. कागद टेबलावर पडून असताना अळ्या काही थांबलेल्या नाहीत.

एवढं लिहून झाल्यावर राग जरा उतरलाय आणि पोटात गोळा आलाय. बाहेर वारं सुटलंय. पाऊस आठ-दहा दिवसांवर आहे. संध्याकाळी आईचा पलंग खिडकीखालून काढून मागच्या खोलीत लावला. तिने विचारलं, का गं? म्हटलं, इथे उकडतं. ती काही बोलली नाही, नुसती खिडकीबाहेर झाडाकडे बघत राहिली. झाडाखाली गाड्या लावू नका म्हणून दोरी बांधली होती, ती कुणीतरी सोडून तिथेच स्कूटर लावली आहे. खाली जाऊन परत बांधून येते.

सोमवारी चौथा अर्ज. या वेळी भुसा पिशवीत भरून नेणार आहे, आणि रात्री खोडाला मोबाइल लावून तो आवाज रेकॉर्ड करणार आहे. साहेबांनी झाडाला कान लावला नाही, तर टेबलावर ठेवून ऐकवीन.