“रनिंग कमी म्हणजे गाडी नवीनच”: जुन्या इटालियन स्पोर्ट बाईकबद्दलच्या एका सल्ल्याचा प्रतिवाद

जुनी इटालियन स्पोर्ट बाईक घ्यायला निघालेल्या माणसाला एक सल्ला हमखास मिळतो. शब्द बदलतात, आशय असा असतो: “रनिंग सर्वांत कमी असेल ती उचला. किलोमीटरच झाले नाहीत, तर बेल्ट आणि व्हॉल्व्हचं काम निघत नाही. डेस्मोचं हेड उघडायला गाडीइतकाच खर्च येतो, म्हणून न चालवलेलीच बरी. उभं इंजिन झिजत नाही, आठवड्यातून पाच मिनिटं चालू केलं की झालं. वायरिंग इटालियन, म्हणजे कच्चंच. आणि लिमिटेड मॉडेल असेल तर नुसती झाकून ठेवा, किंमत वाढतच जाते.”

यातल्या प्रत्येक वाक्यात थोडंफार तथ्य आहे, म्हणून ते टिकलंय. सगळं एकत्र ऐकलं की मात्र माणूस नेमकी नको ती गाडी घेऊन बसतो. खाली उदाहरणं बहुतेक डुकाटीची आहेत, कारण हा सल्ला बहुतेक वेळा तिच्याबद्दलच दिला जातो. डेस्मो म्हणजे डुकाटीची व्हॉल्व्ह उघडण्या-मिटण्याची खास पद्धत, तिच्याबद्दल पुढे येईलच.

“किलोमीटर नाहीत, म्हणजे बेल्टचं काम नाही.” सगळ्यांत महागात पडणारं वाक्य हे. डुकाटीच्या पँटापासून २०११ पर्यंत बनलेल्या ११९८ पर्यंत कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह हलवणारे दांडे) फिरवतात ते दात असलेले रबरी बेल्ट, दर सिलिंडरला एक. ९१६, ७४८, ९९६ या घराण्यात बेल्ट बदलायचा नियम २०,००० किलोमीटर किंवा २ वर्षं, जे आधी येईल ते. पुढच्या काही मॉडेलांत मुदत वाढली, पण वर्षांची अट गेली नाही. म्हणजे ८ वर्षांत ४,००० किलोमीटर चाललेल्या ९१६ चे बेल्ट किलोमीटरच्या हिशेबात कोरे आणि तारखेच्या हिशेबात चार वेळा बदलून झालेले असायला हवेत. विकणारा पहिला हिशेब सांगतो.

उभ्या गाडीत बेल्टला आणखी एक त्रास असतो. पुली आणि आयडलर रोलरवर तो महिनोन्‌महिने त्याच जागी वाकलेला राहतो. तिथे रबर कडक होतं, दाताच्या मुळाशी बारीक चिरा पडतात. मग एके दिवशी सेल मारला की ताण नेमका तिथेच येतो. बेल्ट तुटला की त्या सिलिंडरचे कॅम जागीच थांबतात, उघडे राहिलेले व्हॉल्व्ह तसेच राहतात आणि पिस्टन वर येऊन त्यांना धडकतो. वाकलेले व्हॉल्व्ह, फुटलेले गाइड, नशीब वाईट असेल तर पिस्टनही.

पाहणं अवघड नाही. बेल्टची झाकणं काही अ‍ॅलन बोल्टवर असतात. ती काढून बेल्टच्या कडा सुटल्यात का, पाठीवर चकाकी आलीय का, तेलाचा ओलावा आहे का, ते पाहायचं. तेल दिसलं तर कॅमचं ऑइल सील गळतंय, नुसता बेल्ट बदलून उपयोग नाही. बेल्ट उतरवलेच असतील तर रोलर हाताने फिरवून बघा, खरखर लागली तर बेअरिंगही त्याच वेळी बदला. ताण थंड इंजिनावरच मोजतात. बेल्टला बोटाने टिचकी मारून त्याच्या आवाजाची फ्रिक्वेन्सी फोनवरच्या अ‍ॅपने मोजायची आणि मॅन्युअलमधल्या आकड्याशी ताडायची. जास्त ताणला तर बेअरिंग जातं, सैल ठेवला तर दात उडी मारतो. मेकॅनिककडून “जुना होता तेवढाच ताणला” हे उत्तर ऐकलं तर किल्ली परत मागा.

हा मुद्दा सरसकट सगळ्या इटालियन गाड्यांना लावू नका, हेही सांगायला हवं. अप्रिलियाची आरएसव्ही मिले, एमव्ही ऑगस्टाची एफ४ आणि २०१२ च्या ११९९ पासून पुढच्या पानिगाले, यांत कॅमसाठी बेल्ट नाहीच.

“डेस्मो म्हणजे हेड उघडणं.” हेड उघडत नाहीत, वरची झाकणं काढतात. हेड सिलिंडरवरून उतरवणं हे वेगळं काम आहे आणि व्हॉल्व्ह तपासणीत ते येत नाही.

डेस्मोमध्ये व्हॉल्व्ह स्प्रिंगने बंद होत नाही. एक रॉकर (कॅमने हलणारा छोटा दांडा) तो उघडतो, दुसरा ओढून बंद करतो. म्हणून प्रत्येक व्हॉल्व्हला फटीची मापं दोन: ओपनर (उघडणाऱ्या बाजूचं) आणि क्लोजर (बंद करणाऱ्या बाजूचं). सिलिंडरला दोन व्हॉल्व्ह असलेल्या जुन्या ट्विनमध्ये (दोन सिलिंडरच्या इंजिनात) एकूण ८ मापं, चार व्हॉल्व्हच्या ट्विनमध्ये १६, पानिगाले व्ही४ मध्ये ३२. मजुरी वाढते ती या मोजणीने आणि तिथपर्यंत हात पोचवण्याने: फेअरिंग, टाकी, एअरबॉक्स, बॅटरी, आडव्या सिलिंडरसाठी रेडिएटर पुढे सरकवणं. मोजून सगळं मर्यादेत निघालं तर एकही शिम (फट जुळवणारा छोटा तुकडा) बदलावा लागत नाही. तपासणी आणि अ‍ॅडजस्टमेंट ही दोन वेगळी कामं आहेत, बिलातही ती वेगळीच मागा.

मापं कोणत्या दिशेने सरकतात हे माहीत असलं की मेकॅनिकचं बोलणं तपासता येतं. व्हॉल्व्ह सीटमध्ये खोल बसत गेला की त्याची दांडी कॅमकडे सरकते: ओपनरची फट कमी होते, क्लोजरची वाढते. क्लोजर शिम ज्या दोन अर्ध्या कड्यांवर टेकतो त्या दबल्या, तरी क्लोजर सैल होतो. ओपनर घट्ट राहिला तर तापल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण टेकत नाही आणि जळतो. क्लोजर सैल असेल तर आयडल डळमळतं, आवाज वाढतो. क्लोजरची फट जवळपास शून्य ठेवायची असते, पण शिम बोटाने फिरला पाहिजे. अडकत असेल तर तो रॉकर आणि कॅम दोन्ही खातो. आणि त्या अर्ध्या कड्या काढताना पिस्टन वरच्या टोकाला नसेल, तर व्हॉल्व्ह सुटून सिलिंडरमध्ये पडतो. त्या दिवशी मात्र हेड खरोखरच उघडावं लागतं.

मुदतीबद्दलही जुनाच आकडा फिरतोय. ९१६ ला तपासणी दर १०,००० किलोमीटरला होती, १०९८ ला १२,०००, ११९९ पानिगालेला २४,०००. २०२१ च्या मल्टिस्ट्राडा व्ही४ मध्ये डुकाटीने डेस्मो सोडून स्प्रिंग घेतल्या आणि मुदत थेट ६०,००० वर नेली. नव्या, २०२५ च्या पानिगाले व्ही२ मध्येही स्प्रिंगच आहेत. “डेस्मो” या एका शब्दाखाली तीस वर्षांच्या गाड्या एकत्र कोंबून दर सांगणारा अंदाजपंचे बोलतोय.

झाकणं उघडलीच आहेत तर रॉकर बघून घ्या. नव्वदच्या दशकातल्या आणि २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांतल्या चार-व्हॉल्व्ह इंजिनांत रॉकरच्या घासणाऱ्या पृष्ठभागावरचा क्रोमचा थर सोलतो. तो कमी चाललेल्या गाडीतही सोलतो, म्हणून मीटर पाहून इथे काहीच कळत नाही. कॅम फिरवून रॉकरचा तो पृष्ठभाग उघडा करायचा, उजेड तिरका टाकायचा आणि कडेवरून नख फिरवायचं. नख अडलं किंवा राखाडी ठिपका दिसला तर तो रॉकर बदलायचा. सुटलेले कपचे तेलातून फिरतात आणि कॅमवर रेघा पाडतात. ऑइल बदलताना गाळणीत आणि ड्रेन प्लगच्या चुंबकावर चकाकणारे पापुद्रे दिसले, तर शोध इथून सुरू करा. चुंबकावर बारीक करडा लगदा असणं मात्र नेहमीचं आहे, त्याने घाबरायचं कारण नाही.

“उभं इंजिन झिजत नाही, आठवड्यातून पाच मिनिटं चालू करा.” हे तर हात दाखवून अवलक्षण. पाच मिनिटांत कूलंट कोमट होतं, तेल होत नाही. जळण्यातून तयार झालेलं पाणी तेलात आणि सायलेन्सरमध्ये राहतं, न जळलेलं पेट्रोल तेलात उतरतं. सेल मारताना बॅटरीतून गेलेला करंट आयडलवर भरून निघत नाही. चालू करायची तर रस्त्यावर काढा आणि तेल नीट तापेपर्यंत, अर्धा तास तरी चालवा. ते जमत नसेल तर ताजं तेल घालून गाडी बंदच ठेवा. तेल उभं करण्याआधी बदलायचं, बाहेर काढल्यावर नाही, कारण वापरलेल्या तेलातलं आम्ल महिनोन्‌महिने बेअरिंगवर बसून राहतं.

इंजिन सोडून बाकी काय काय बिघडतं ती यादी लांब आहे. ड्राय क्लचच्या (तेलात न बुडालेल्या क्लचच्या) स्टीलच्या प्लेटांना गंज चढतो आणि गाडी उचल घेताना धडधडते. (आयडलवरचा तो प्रसिद्ध खडखडाट दोष नाही, प्लेटांचे कान बास्केटमध्ये हलतात त्याचा आवाज आहे. बास्केटच्या खाचांत पायऱ्या पडल्या असतील तर मात्र झीज.) क्लचचा स्लेव्ह सिलिंडर (ऑइलच्या दाबाने क्लच सोडवणारा भाग) पुढच्या स्प्रॉकेटजवळ गळतो, लिव्हर सैल लागतो आणि ब्रेक ऑइल खालचा रंग सोलतं. हे ऑइल हवेतलं पाणी ओढतं, म्हणून दर २ वर्षांनी बदलायचं, गाडी हलली असो वा नसो. एकाच बाजूच्या स्विंगआर्ममध्ये चेन ताणण्यासाठी एक्सेंट्रिक हब फिरवावा लागतो. वर्षानुवर्षं न फिरवलेला हब गंजाने आत चिकटतो. पाहायला आलात तर पिंच बोल्ट सैल करून तो फिरवून दाखवायला सांगा. टायरवरचा चार आकडी तारखेचा शिक्काही वाचा: २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. खोबणी नवीकोरी आणि रबर लाकडासारखं, असं कमी चाललेल्या गाडीतच दिसतं.

टाकीचं वेगळं सांगायला हवं. ९१६ च्या पिढीत पंप, फिल्टर आणि त्यांना जोडणाऱ्या नळ्या टाकीच्या आत, पेट्रोलात बुडालेल्या असतात. साधी फ्युएल होज आतून पेट्रोल सोसते, बाहेरून नाही. ती आत वापरली तर फुगून मऊ होते आणि ३ बारच्या दाबाला फुटते. मग आयडल ठीक, पण वरच्या आरपीएमला गाडी दम टाकते, आणि दोष इंजेक्शनच्या कॉम्प्युटरवर ढकलला जातो. पेट्रोलात बुडवून वापरण्यासाठीची नळी वेगळी येते, एसएई ३०आर१० दर्जाची. तीच घाला. २००० नंतरच्या अनेक मॉडेलांत टाकी प्लास्टिकची आहे आणि इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलाने ती फुगते. टाकीचे स्क्रू भोकांशी जुळत नसतील तर हेच. म्हणून पत्र्याची टाकी गंज टाळायला काठोकाठ भरून ठेवायची आणि प्लास्टिकची रिकामी, कोरडी.

“वायरिंग इटालियन, म्हणजे कच्चं.” अर्धं मान्य. रेग्युलेटर-रेक्टिफायर (बॅटरीचं चार्जिंग सांभाळणारा भाग) आणि त्याचे कनेक्टर हे खरंच दुखणं आहे. आरएसव्ही मिलेतला वितळणारा तपकिरी कनेक्टर मालकांना तोंडपाठ असतो. पण म्हणून सगळं वायरिंग हार्नेस दोषी ठरत नाही, आणि मल्टिमीटर घेऊन दहा मिनिटांत खरं-खोटं होतं. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीला १२.६ व्होल्टच्या वर हवेत. चालू गाडीत ४,००० आरपीएमला १३.८ ते १४.५. कमी निघाले तर स्टेटर (इंजिनातला वीज बनवणारा भाग) आणि कनेक्टर बघा, १५ च्या वर गेले तर रेग्युलेटर गेला. सेल जड लागतो म्हणून बॅटरी बदलण्याआधी एक तपासणी: मीटरचं लाल टोक बॅटरीच्या पॉझिटिव्हवर, काळं स्टार्टरच्या टर्मिनलवर, आणि सेल मारा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर वीज केबल, रिले किंवा जोडांतच जिरतेय. मोठ्या व्ही-ट्विनला मूळ केबल बारीकच पडते, जाड केबल टाकली की निम्म्या तक्रारी बंद.

“लिमिटेड असेल तर किंमत वाढतच जाते.” काहींची वाढली, हे नाकारायचं कारण नाही. ९१६ एसपीएस किंवा २००० सालच्या पहिल्या दिवसापासून इंटरनेटवर विकलेली, २,००० नगांची एमएच९००ई यांच्यामागे खरेदीदार लागतात. पण शर्यतीतलं यश किमतीत आपोआप उतरत नाही. ९९९ ने २००३, २००४ आणि २००६ ला वर्ल्ड सुपरबाईकचं विजेतेपद मिळवलं, तरी साधी ९९९ कित्येक वर्षं आपल्या आधीच्या ९१६ च्या सावलीतच राहिली, केवळ दिसणं लोकांना रुचलं नाही म्हणून.

वाढ मोजताना झाकून ठेवण्याचा खर्चही वजा करा. दोन वर्षांच्या नियमाने १० वर्षांत बेल्टच्या ५ जोड्या, ब्रेक आणि क्लच ऑइल ५ वेळा, निदान दोन बॅटऱ्या, टायरचा एक जोड, विमा आणि जागा. हे केलं नसेल तर ते पैसे वाचलेले नाहीत, पुढच्या मालकाच्या बिलात गेलेत, आणि शहाणा खरेदीदार ते किमतीतूनच कापतो. बिलांसकट ३८,००० किलोमीटर चाललेली ९९६ आणि कागद नसलेली ४,००० ची, दोघींची किंमत सारखी असेल तर पहिली घ्या. दुसरी घ्यायचीच तर बेल्ट-रोलर, सगळी तेलं, टायर, बॅटरी, टाकीतल्या नळ्या, फोर्क सील, स्लेव्ह सिलिंडर आणि व्हॉल्व्ह तपासणी यांचा लेखी अंदाज काढून तो मागितलेल्या किमतीतून वजा करा.

मूळ भागांनाही दाम असतो: मूळ सायलेन्सर, आरसे, टूलकिट, इमोबिलायझरच्या त्या काळातल्या अनेक गाड्यांसोबत येणारी लाल मास्टर किल्ली आणि कोड कार्ड. लाल किल्ली हरवली असेल तर नवीन किल्ली कोड करणं हे मोठं काम होतं.

आणि वरच्या ट्रिपल क्लॅम्पवरची (हँडलजवळ फोर्क धरणाऱ्या पट्टीवरची) लिमिटेड नंबराची पाटी पाहून भुलू नका. पाटी, स्टिकर आणि रंग विकत मिळतात. डुकाटीत इंजिन नंबर आणि फ्रेम नंबर मुळात एकसारखे नसतातच, त्यामुळे “नंबर जुळतात” याचा अर्थ ते कागदपत्रांशी आणि कारखान्याच्या नोंदीशी जुळतात एवढाच. ९१६ एसपीएसच्या बाबतीत आणखी एक खूण: नावात ९१६ असलं तरी तिचं इंजिन ९९६ सीसीचं आणि कनेक्टिंग रॉड टायटॅनियमचे असतात. विक्रेता “९१६ आहे, म्हणून ९१६ सीसी” म्हणाला, तर एकतर त्याला गाडी माहीत नाही किंवा ती गाडी एसपीएस नाही.