झपाट्याने बदलणारे जनुक बिनकामाचे असते?

‘महत्त्वाची जनुके बदलत नाहीत, जी भराभर बदलतात ती बिनकामाची.’ उत्क्रांतीचा विषय निघाला की हे वाक्य हमखास ऐकवले जाते आणि जोडीला हिस्टोन एच-४चा दाखला येतो. हिस्टोन म्हणजे डीएनए ज्यांच्याभोवती गुंडाळलेला असतो ती प्रथिने. वाटाणा आणि गाय यांच्या या प्रथिनात १०२ पैकी फक्त २ अमिनो आम्ले (प्रथिनाचे घटक) वेगळी आहेत, तीही शंभर कोटींहून अधिक वर्षांच्या फारकतीनंतर. दाखला खरा आहे, पण त्यावरून काढलेला नियम टिकत नाही.

‘वेगवान जनुकांत मुळात उत्परिवर्तनेच (डीएनएतले बदल) जास्त होतात’ हा त्यामागचा सर्वांत कच्चा समज. उत्परिवर्तनाचा दर जीनोममध्ये, म्हणजे सजीवाच्या संपूर्ण डीएनएत, जागोजागी थोडा वेगळा असतो, एवढे खरे. पण एच-४च्याच जनुकात अमिनो आम्ल न बदलणारे फरक भरपूर साचलेले दिसतात. म्हणजे बदल तिथेही होतातच. प्रथिन बिघडवणारे तेवढे नैसर्गिक निवडीच्या चाळणीत अडकतात. याउलट क जीवनसत्त्व तयार करण्याच्या शेवटच्या टप्प्याचे जनुक आपल्या पूर्वजांत निकामी झाले, चाळणी उठली आणि त्यानंतर त्यात वाट्टेल ते बदल टिकून राहिले.

‘जे काढले की सजीव मरतो, ते हळू बदलते.’ हे पटण्यासारखे वाटते, म्हणून तपासलेही गेले. यीस्टच्या सुमारे ६००० जनुकांपैकी एकेक काढून पाहिले, तर साधारण पाचवा हिस्सा जनुके अशी निघतात की ज्यांच्यावाचून पेशी जगतच नाही. त्यांचा वेग सरासरीने कमी भरतो खरा, पण हा संबंध क्षीण आहे. त्याहून कितीतरी ठळक संबंध पाल, पॅप आणि हर्स्ट या संशोधकांनी २००१ मध्ये यीस्टमध्येच दाखवला: ज्या जनुकाची अभिव्यक्ती जास्त, म्हणजे ज्यावरून प्रथिन जास्त बनते, ते हळू बदलते. ड्रमंड आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये त्याचे एक कारण मांडले. प्रथिन जुळवताना रायबोसोमच्या (पेशीतल्या प्रथिने बनवणाऱ्या यंत्रणेच्या) हातून चुका होतात आणि चुकलेले रेणू नीट दुमडत नाहीत. ज्याच्या प्रती पेशीत ढिगाने बनतात, त्याच्या बिघडलेल्या रेणूंचा भार पेशीला सोसत नाही. त्यामुळे चुका पोटात घालूनही नीट दुमडणारे मोजकेच क्रम तिथे चालतात. या कारणावर अजून वाद आहेत, संबंधावर नाहीत.

आता ‘वेगवान म्हणजे बिनकामाचे’. याला उत्तर हिस्टोनच्याच घरात आहे, आणि नेमके तेच कोणी सांगत नाही! पेशीविभाजनात गुणसूत्र जिथे धरून ओढले जाते त्या जागेवर, म्हणजे सेंट्रोमिअरवर, एक खास हिस्टोन बसतो. तो नसेल तर पेशीविभाजनात गुणसूत्रांची वाटणीच कोलमडते. तरीही फळमाशीत तो झपाट्याने बदलत आल्याचे मलिक आणि हेनिकॉफ यांनी २००१ मध्ये दाखवले. त्यांचे स्पष्टीकरण असे: मादीच्या अर्धसूत्री विभाजनातून (गुणसूत्रे निम्मी करणाऱ्या विभाजनातून) होणाऱ्या चार वाट्यांपैकी एकच अंडपेशी बनतो, त्यामुळे त्या वाट्यात शिरण्यासाठी सेंट्रोमिअरच्या डीएनएत चढाओढ लागते. तिला आवर घालायचा तर प्रथिनालाही सतत बदलावे लागते.

प्रतिकारशक्तीच्या जनुकांपुढे तर विषाणूच उभे असतात. ऱ्हीसस माकडाचे ट्रिम-५ प्रथिन एचआयव्ही-१ला रोखते, माणसाचे जवळजवळ रोखत नाही; पण आपल्या प्रथिनातले ३३२व्या जागेचे एकच अमिनो आम्ल बदलले तरी ते बऱ्यापैकी रोखू लागते. अशा ठिकाणी थांबून राहणेच महागात पडते.

राहिले ‘बदललेच नाही म्हणजे त्यावाचून अडणारच’. माणूस, उंदीर (माउस) आणि मोठा उंदीर (रॅट) यांच्यात अक्षरशः एकसारखे असलेले ४८१ डीएनए-तुकडे २००४ मध्ये नोंदवले गेले. त्यांतले चार २००७ मध्ये उंदरांतून एकेक करून काढले, तर उंदीर जगले आणि व्यायलेही. मात्र २०१८ मध्ये असेच दुसरे काही तुकडे काढलेल्या, वरवर धडधाकट उंदरांच्या मेंदूच्या घडणीत दोष सापडले.